बुक क्लबसाठी अरेबियन नाइट्स घेताय? आधी भाषांतर कुणाचं ते बघा

आधीच सांगून टाकते, आम्ही शेवटी हुसेन हद्दावी यांचं इंग्रजी भाषांतर घेतलं, नॉर्टन प्रकाशनाचं, १९९० सालचं, एका खंडातलं, आणि ते पाच महिने पुरलं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी पुढचं पाल्हाळ, कारण हे ठरेपर्यंत आमच्या ग्रुपवर जे काही झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

झालं असं की आम्ही अकरा जण, वयं चोविसपासून एकाहत्तरपर्यंत, आणि मागच्या वेळी उत्साहाच्या भरात एक आठशे पानी कादंबरी घेतली होती जिच्या शेवटच्या मीटिंगला आम्ही तिघंच उरलो होतो. म्हणून यावेळी कथासंग्रह घ्यायचा असं ठरलं, कारण कथेचं बरं असतं, एखादी चुकली तरी पुढची वाचून येता येतं आणि तोंड लपवावं लागत नाही. पोल टाकला, अरेबियन नाइट्स जिंकलं, आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. लहानपणी वाचलंयच की सगळ्यांनी, तिळा तिळा दार उघड, दिवा घासला की राक्षस हजर, त्यात काय एवढं. कुठलं अरेबियन नाइट्स हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही, आणि ग्रुप मी चालवते, म्हणजे बोल माझ्याच माथी.

पहिल्या मीटिंगला जे काय झालं ते बघण्यासारखं होतं. एकाने कॉपीराइट संपलेलं रिचर्ड बर्टनचं भाषांतर किंडलवर फुकट उतरवलेलं, एकीकडे पेंग्विनचं एन. जे. दाऊद, काकूंकडे माळ्यावरून काढलेला गौरी देशपांड्यांचा मराठी खंड, दोघांकडे चक्क मुलांसाठीची चित्रांची आवृत्ती, आणि माझ्याकडे ऑनलाइन मागवलेलं एक जाडजूड पुस्तक, सोनेरी अक्षरांत 'संपूर्ण' असं छापलेलं. माझ्या त्या पुस्तकावर भाषांतरकाराचं नाव नव्हतं. कव्हरवर नाही, मागे नाही, आत कॉपीराइटच्या पानावरही नाही. मला तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही, अरबी पुस्तक आपोआप इंग्रजीत उगवलं असावं अशा थाटात मी ते घेऊन बसले होते.

मग मी म्हटलं चला, सुरुवातीचा एक छोटा प्रसंग प्रत्येकाने आपापल्या पुस्तकातून वाचा. प्रसंग कुठला, तर शहाजमान राजा भावाकडे जायला निघतो, काहीतरी कारणाने रात्री महालात परत येतो आणि बायकोला दुसऱ्या पुरुषाबरोबर बघतो. इथूनच सगळं सुरू होतं, पुढे थोरला भाऊ शहरियार रोज एक लग्न आणि रोज सकाळी एक खून असा जो वेडाचार करतो त्याची मुळी इथे. तर किंडलवाल्याने बर्टन वाचला. त्यात तो माणूस काळा, दिसायला किळसवाणा, स्वयंपाकघरातल्या तेलकट मळीने माखलेला आचारी. माझ्या सोनेरी पुस्तकात राणी झोपलीये आणि एक काळा गुलाम तिच्या सेवेला होता, तो बिचारा शेजारीच झोपी गेलाय. म्हणजे मला तर कळेचना की राजा एवढा भडकला कशावर, माणसाला झोप लागली एवढंच ना. मुलांच्या पुस्तकात हा प्रसंगच नव्हता, राजा आपला मुळातच रागीट. आणि मग एक मुलगी, जी तोपर्यंत गप्प होती आणि जिच्याकडे एकटीकडे हद्दावी होतं, तिने वाचलं की राणी स्वयंपाकघरातल्या एका पोऱ्याच्या मिठीत होती. बस. एक वाक्य. ना काळा, ना किळसवाणा, ना मळी.

दोन मिनिटं कुणी बोललंच नाही, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. तो माणूस काळा होता की नव्हता? किळसवाणा कुणाला वाटला, राजाला, गोष्ट सांगणाऱ्याला की बर्टनसाहेबाला? आमचं पहिलं खरं डिस्कशन हे असं, पुस्तक ठरायच्या आधीच झालं.

घरी जाऊन मी शोधाशोध केली तेव्हा माझं सोनेरी पुस्तक म्हणजे एडवर्ड लेनचं भाषांतर निघालं, १८४० च्या आसपासचं. तो 'सेवेला असलेला' आणि 'झोपी गेलेला' गुलाम ही लेनची खूण. लेन कैरोत राहिलेला, अरबी चांगलं येणारा माणूस, त्याच्या टिपा आजही वाचनीय आहेत, पण घरातल्या बायकामुलांसमोर वाचता यावं म्हणून त्याने जिथे जिथे अडचण वाटली तिथे कात्री लावली. हमाल आणि बगदादच्या तीन स्त्रिया या गोष्टीत हौदावरचा एक चावट खेळ आहे, शरीराच्या भागांची नावं विचारण्याचा, तो लेनने सरळ गाळलाय. आणि अशा पुस्तकावर 'संपूर्ण'. त्यात मजकूर स्कॅन करून चिकटवलेला, मधूनच अर्ध्या ओळी गायब. परत केलं. पैसे मिळाले, वेळ नाही मिळाला. तेव्हापासून माझा नियम, जुन्या परदेशी पुस्तकावर भाषांतर कुणाचं हे लिहिलेलं नसेल तर हातच लावायचा नाही, मग कव्हर कितीही देखणं असो.

आता बर्टनबद्दल, कारण फुकट मिळतं म्हणून निम्मे लोक तिकडेच जातात. १८८५ मध्ये दहा खंड आणि नंतर १८८८ पर्यंत पुरवणीचे सहा, असे सोळा. खासगी वर्गणीदारांसाठी छापलेले, आणि मुखपृष्ठाच्या आत छापल्याचं ठिकाण म्हणून 'बनारस' घातलेलं, जे खोटं होतं, कायद्याच्या कटकटीतून सुटायला केलेली युक्ती. त्याच्या थोडं आधीच जॉन पेन नावाच्या गृहस्थांनी पूर्ण भाषांतर केलं होतं आणि बर्टनने त्यातलं पुष्कळ उचललंय. भाषा मुद्दाम जुनाट, त्याच्या स्वतःच्या काळातही कुणी तशी बोलत नव्हतं. टिपा बघाल तर कुठल्या कुठे जातात, एका शब्दावरून सुरू होऊन दोन पानांनी भलत्याच विषयावर संपतात, आणि काळ्या माणसांबद्दल नि बायकांबद्दल जे लिहिलंय ते आज मोठ्याने वाचवत नाही. एकट्याने, रात्री, मजा म्हणून वाचायला बर्टन भन्नाट आहे हे मी नाकारत नाही. पण ग्रुपमध्ये? किंडलवाल्याने स्वतःच तिसऱ्या आठवड्यात मेसेज टाकला की एक पान वाचायला डिक्शनरी सात वेळा उघडावी लागतेय, आणि सातपैकी चार शब्द तिच्यातही नाहीत.

दाऊद वाचायला सगळ्यात सोपं. निवडक गोष्टी, स्वच्छ भाषा, दोन दिवसांत फडशा. पण कविता काढून टाकलेल्या. मूळ गोष्टींत माणसं प्रेमात पडली, रडली, दारू प्यायली, पकडली गेली की कविता म्हणतात, तो त्या गोष्टींचा श्वास आहे. एकदाच वाचायचं असेल, वेळ कमी असेल, तर दाऊद घ्या, मी नाही अडवणार.

हद्दावी का जिंकलं ते सांगायला थोडं मागे जावं लागतं, कंटाळू नका, हा भाग खरंच भारी आहे. आपण ज्याला अरेबियन नाइट्स म्हणतो ते युरोपात आणलं आंत्वान गालां या फ्रेंच माणसाने. त्याच्याकडे सीरियातून आलेलं एक अरबी हस्तलिखित होतं, तीन भागांचं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, आता ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १७०४ पासून १७१७ पर्यंत त्याने बारा खंड काढले. पण त्या हस्तलिखितात रात्री होत्या फक्त पावणेतीनशेच्या आसपास! हजार आणि एक हे नाव, हिशोब कुठे? वाचकांना तर पुढचं हवं होतं. मग १७०९ मध्ये गालांला पॅरिसमध्ये हन्ना दियाब भेटला, अलेप्पोचा तरुण, एका फ्रेंच प्रवाशाबरोबर आलेला, आणि त्याने तोंडी गोष्टी सांगितल्या. त्यातच अल्लाउद्दीन आणि त्यातच अलीबाबा. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आपण सगळे मोठे झालो त्या त्या जुन्या अरबी हस्तलिखितात नाहीतच. आणि गालांने छापताना या दियाबचं नाव कुठेही घातलं नाही. त्याच्या रोजनिशीत ते होतं म्हणून कळलं, आणि दियाबने स्वतः लिहिलेल्या आठवणी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडल्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर २०२१ मध्ये आलंय.

तर १९८४ मध्ये मुहसिन महदी या अभ्यासकाने त्या सीरियन हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती काढली, मागाहून घातलेली भर बाजूला ठेवून, आणि हद्दावीने त्या आवृत्तीवरून भाषांतर केलं. हद्दावी बगदादचा, लहानपणी आजीच्या घरी थंडीच्या रात्री या गोष्टी ऐकलेला. ते जाणवतं हो वाचताना. वाक्यं बोलल्यासारखी आहेत. गोष्टींची संख्या कमी, पस्तीसेक, पण एकात एक गुंतलेल्या आणि एकाच माणसाच्या हातच्या वाटाव्यात अशा एकजीव.

अर्थात हे सांगितल्यावर ग्रुपवर दंगा झाला. अल्लाउद्दीन नाही? अलीबाबा नाही? सिंदबाद पण नाही? मग घ्यायचं कशाला? एक दादा म्हणाले की हे म्हणजे लग्नाला बोलावलंय आणि नवराच नाही. मी दियाबची हकीकत व्हॉइस नोटमध्ये सांगितली, पावणेपाच मिनिटांची, ऐकली की नाही कुणास ठाऊक, पण मतं फिरली. सातविरुद्ध चार.

सगळ्यात उपयोगी पडलं ते एक साधं कारण, जे कुठल्या रिव्ह्यूमध्ये मला सापडलं नव्हतं. हद्दावीने प्रत्येक रात्र वेगळी ठेवलीये, नंबर घालून. कुणाकडे कागदी पुस्तक, कुणाकडे फोनवर, पान नंबर कुणाचेच जुळत नाहीत, पण 'या महिन्यात पंचावन्नाव्या रात्रीपर्यंत' म्हटलं की झालं. रात्री छोट्या, काही तर पान-दीड पानाच्या. कामाच्या दिवशीही एक रात्र होतेच. आणि प्रत्येक रात्र नको तिथे तुटते. पहाट होते, शहरझाद, म्हणजे जीव वाचवायला रोज रात्री शहरियारला गोष्ट सांगणारी त्याची नवी बायको, गप्प बसते, धाकटी बहीण दिनारझाद म्हणते काय सुंदर गोष्ट आहे गं, आणि ती म्हणते ही तर काहीच नाही, उद्या रात्री जी सांगेन तिच्यापुढे, राजाने मला जिवंत ठेवलं तर. सुरुवातीला हे पालुपद वाचून काही जण वैतागले, स्किप करायला लागले. मग आम्ही मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायला लागलो, दोघींनी बहिणींची वाक्यं वाटून घेतली, आणि चाळिसाव्या रात्रीपर्यंत ते 'राजाने मला जिवंत ठेवलं तर' आलं की पोटात गोळा यायचा. त्यातलं 'तर' विसरायचं नाही, हे त्या पालुपदाने डोक्यात बसवलं. रात्रींचे तुकडे काढून टाकलेल्या आवृत्त्यांत हे मिळणार नाही.

यात एक घोळ मात्र झाला तो सांगते. एका मेंबरने 'मला पूर्णच हवंय' म्हणून माल्कम लायन्सचं घेतलं, पेंग्विन, २००८, तीन खंड, आणि तोही आमच्याच नंबरांनी वाचत आला. साठाव्या रात्रीची चर्चा सुरू झाली, आम्ही अजून हमाल आणि तीन स्त्रियांच्या घरात बसलेलो, आणि हा मेंबर राजा उमर अल-नुमानच्या लढायांबद्दल बोलतोय. आम्ही एकमेकांकडे बघतोय. दहा मिनिटांनी ट्यूब पेटली की त्याच्या पुस्तकातल्या रात्री वेगळ्या कापल्यात, लायन्स कलकत्त्याला १८३९ ते ४२ मध्ये छापलेल्या अरबी आवृत्तीवरून केलंय आणि त्यात खरोखरच्या एक हजार एक आहेत. लायन्स वाईट नाही, उलट पूर्ण हवं असेल तर आजच्या इंग्रजीत तेच घ्यावं, वर अल्लाउद्दीन-अलीबाबा फ्रेंचवरून केलेले त्यात आहेत. पण तीन जाड खंड बघून बुक क्लबमधले अर्धे लोक पहिल्याच दिवशी आजारी पडतील. वैयक्तिक कपाटासाठी ठीक.

वाचताना काय रंगलं? हमालाची गोष्ट, निःसंशय. सुरुवातीला ती बाई बाजारातून खरेदी करत जाते आणि हमाल टोपली घेऊन मागे, आणि यादी संपतच नाही, हेब्रॉनचे पीच, तुर्की क्विन्स, अलेप्पोची जाई, दमास्कसची लिली, मग खाटीक, मग अजून काही. ही यादी एका मेंबरने एका दमात वाचायचा प्रयत्न केला आणि खोकला लागला. तो हौदावरचा खेळ आला तेव्हा काय करायचं असा प्रश्न होता, कारण ग्रुपमध्ये सासू-सून दोघी आहेत. मी म्हटलं तो भाग आपापला वाचून या. तर सासूबाईच म्हणाल्या, 'अगं, इतकं काय त्यात, आमच्या वेळी बायका दळताना याहून भारी बोलायच्या.' वाचला मग. सून लाल.

आणि हकीम दुबानची गोष्ट. राजा युनानचा आजार त्याने बरा केला, तरी राजा कान भरले म्हणून त्याचं डोकं उडवायला निघतो, तेव्हा तो राजाला एक पुस्तक देतो. पानं एकमेकांना चिकटलेली, राजा बोटाला थुंकी लावून उलटतो, एक पान, दुसरं पान, कोरी, तिसरं, कोरी, अजून उलट म्हणतो हकिमाचं तोडलेलं डोकं, आणि पानांना विष लावलेलं. आमच्यातल्या एका काकांना बोट ओलं करून पान उलटायची सवय आहे. हे वाचत असताना त्यांचं बोट जिभेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं, सगळ्यांनी बघितलं. त्या महिन्यापासून ते पेन्सिलीच्या मागच्या रबराने पानं उलटतात.

कुबड्याची गोष्ट लांबते, जवळजवळ सत्तर रात्री, पण त्यातला तो बडबड्या न्हावी आणि त्याचे सहा भाऊ आले की लांबण विसरायला होतं. हा न्हावी स्वतःला मितभाषी म्हणवतो, त्यावरून आमच्या ग्रुपमधल्या एकाचं नाव पडलंय, कुणाचं ते सांगत नाही. अली इब्न बक्कारची प्रेमकथा मात्र सपशेल पडली. दोघं नुसती रडतात आणि बेशुद्ध पडतात, शुद्धीवर येऊन कविता म्हणतात, परत बेशुद्ध.

कविता निघाल्याच आहेत तर हद्दावीचा उणा भाग हाच. गद्य झकास, पद्य ओढूनताणून. यमक जुळवायच्या नादात ओळी लंगडतात, मीटिंगमध्ये मोठ्याने वाचल्यावर हसू यायचं जिथे यायला नको. यासाठी यास्मिन सील बघा, तिचं 'ॲनोटेटेड' म्हणून २०२१ मध्ये आलंय, पाउलो लेमोस होर्ता यांनी संपादित केलेलं. तिच्याकडे कविता कविता वाटतात. आमच्यातल्या एकीकडे आहे, कवितेचं पान आलं की आम्ही तिच्याकडे वळायचो. पण ते प्रचंड मोठं आणि जड पुस्तक, चित्रं, समासात टिपा, मांडीवर घेऊन वाचलं तर पाय बधिर. संदर्भाला ग्रुपमध्ये एक प्रत असावी, अकरा नकोत. हद्दावीची प्रस्तावनाही जरा सांभाळून, आधीच्या भाषांतरकारांना त्याने असं काही सोलून काढलंय की नवा माणूस घाबरून जाईल, ती शेवटी वाचा, तेव्हा जास्त मजा येते कारण तोपर्यंत आपली पण मतं झालेली असतात.

मराठीचं काय, हे विचारणार तुम्ही. चिपळूणकरांचं 'सुरस व चमत्कारिक गोष्टी' आपल्याला माहीतच असतं, निदान कुणी थाप मारली की 'सुरस आणि चमत्कारिक' म्हणतो त्यापुरतं तरी. कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेलं, पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरं केलेलं, इंग्रजीवरून. जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून दहा पानं वाचा, गोडी आहे, पण आजच्या ग्रुपला पूर्ण वाचायला द्यायचं धाडस मी नाही करणार. खरा पर्याय गौरी देशपांड्यांचा, सत्तरच्या दशकातला, बर्टनवरून, सोळा खंड. बर्टनवरून असल्यामुळे त्याच्या मागे मागे जाणं आलंच, म्हणजे ज्या प्रसंगावरून आमचं भांडण झालं तशा जागा हद्दावीशी ताडून बघाव्या लागतात. पण भाषा! इंग्रजी चांगलं येणाऱ्या लोकांनाही जे दुरून ऐकू येत होतं ते मराठीत शेजारी बसून कुणी सांगतंय असं वाटतं. काकूंना मी सुरुवातीला म्हटलं होतं की काकू, सगळ्यांचं एकच पुस्तक असलेलं बरं, तुम्ही पण इंग्रजी घ्या ना. त्या म्हणाल्या, 'इंग्रजीत मला अर्थ कळतो गं, पण ती बाई ऐकू येत नाही.' यावर मी काय बोलणार. मग असं ठरलं की काकूंनी मराठी वाचायचं आणि गोष्टीच्या नावाने आमच्याशी जुळवून घ्यायचं, रात्रीच्या नंबराने नाही. त्यांच्याकडे सोळापैकी तीनच खंड आहेत, बाकीचे कुणी नेले आणि आणून दिले नाहीत, त्या चोराला त्या अजून रोज आठवतात. आमचे दोन मेंबर तिसऱ्या महिन्यात इंग्रजी सोडून त्यांच्याकडे गेले, आणि मला आता वाटतं की मराठीत सगळ्यांपुरत्या प्रती मिळाल्या असत्या तर मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवूनच सुरुवात केली असती, हमालाची गोष्ट दोन्हींत वाचून.

अजून एक. पुस्तक संपतं तेव्हा संपल्यासारखं वाटत नाही. जुलनारची गोष्ट होते, हस्तलिखितात पुढे फक्त आणखी एका गोष्टीची सुरुवात आहे आणि ती या खंडात नाही, तर शहरझादचं काय झालं? हद्दावीने शेवटी अर्ध्या पानाची पुरवणी जोडलीये की परंपरा असं सांगते की तिला राजापासून तीन मुलं झाली, त्याचा विश्वास बसला, प्रेम जडलं, तिला जीवदान मिळालं. पाच महिने वाचून हे एवढंच! शेवटच्या मीटिंगला यावरून जुंपली. एकाला ही फसवणूक वाटली. सून म्हणाली की तीन बाळंतपणं झाली आणि गोष्ट एक रात्र चुकली नाही, त्याबद्दल कुणी एक ओळ तरी लिहायची होती. सासूबाई म्हणाल्या की बायकांनी सांगितलेल्या गोष्टीत ती ओळ असणार, लिहून घेणाऱ्याने गाळली असेल. आणि काका म्हणाले, पेन्सिल हातात तशीच, की राजाने माफ केलं हे ठीक आहे, पण त्याला कुणी माफ केलं का?

पुढच्यासाठी हद्दावीचाच दुसरा खंड ठरलाय, १९९५ चा, त्यात सिंदबाद आहे, अलीबाबा आहे आणि नवरदेव अल्लाउद्दीनही आहे. दादांना आधीच सांगून ठेवलंय की त्या गोष्टीत अल्लाउद्दीन चीनमध्ये राहतो. त्यांनी फक्त डोळे मोठे केलेले इमोजी पाठवलेत.